पुजलेल्या सायकलीचा ब्रेक

ब्रेक या विषयावर माझ्याशी कोणी बोलू नये, असं माझं स्पष्ट मत आहे. म्हणजे बोलावं, पण विचारायला बोलावं, सांगायला नाही. सुप्याच्या एमआयडीसीत आमच्या कारखान्यात पत्रा दाबणारी जी सतरा अजस्र मशिनं आहेत, त्यांचे ब्रेक माझ्या हाताखाली आहेत. घराएवढ्या उंचीचं मशीन धाडकन खाली येतं आणि मी म्हणेन तिथे थांबतं. असा माणूस घरात जेवतो, झोपतो, घोरतो, आणि त्याच घरात बायको म्हणते, "जरा सायकलच्या दुकानात जाऊन येते, ब्रेक सेट करून आणते." आता सांगा, जेवण गोड लागेल का?

"दुकानात?" मी घास खाली ठेवला. "मी काय मेलोय?"

"तसं नाही हो," सविता म्हणाली. "पण हे कारखान्याचं मशीन नाही. सायकल आहे."

"ब्रेक म्हणजे ब्रेक. मशीन असो, सायकल असो. उद्या संध्याकाळी सायकल माझ्या ताब्यात दे आणि परवा सकाळी फक्त दाबून बघ."

सविता बालवाडीत शिकवते. तिच्या भावाने वापरून झालेली गिअरची सायकल तिला दिली आणि तेव्हापासून आमच्या घरात बाई सायकल चालवते की सायकल बाईला, ते कळेनासं झालं. सुप्यातल्या बायकांचा एक सायकल गट आहे. त्याच्या म्होरक्या मोनिकाताई, शाळेत पीटी शिकवतात. या गटाने यंदा ठरवलं होतं की दसऱ्याला खरंखुरं सीमोल्लंघन करायचं. पहाटे सुप्यातून निघायचं, पुण्याच्या रस्त्याने थेट घोडनदीच्या पुलावर जायचं, पूल ओलांडून पुणे जिल्ह्यात पाय ठेवायचा आणि तिथे एकमेकींना सोनं द्यायचं. येताना सायकलींची पुढची चाकं काढून त्या टेम्पोत घालून आणायच्या.

मोनिकाताईंची एक अट होती. निघायच्या आधी प्रत्येकीने आपल्या सायकलचं पुढचं चाक स्वतः काढून, परत बसवून, ब्रेक लागतो हे दाखवायचं. जिला जमणार नाही ती घरी. पंधरा ऑगस्टच्या फेरीला सविता याच अटीत अडकली होती. चाक निघालंच नाही. बाकीच्या बायका घंट्या वाजवत निघून गेल्या आणि ही रस्त्याच्या कडेला सायकल धरून उभी राहिली. त्या दिवशी घरी आल्यावर तिने भाकरी थापल्या. त्या भाकरीचा आवाज शेजारी गोरक्षनाथकडे ऐकू गेला.

"मला जायचंच आहे," ती मला म्हणाली. "लग्नाला इतकी वर्षं झाली. जिल्ह्याच्या बाहेर गेले ती कुणाच्या तरी हळदीला, नाहीतर कुणाच्या तरी दहाव्याला. कधी निघायचं ते दुसऱ्याने ठरवलं, कधी परतायचं तेही दुसऱ्यानेच. एकदा माझ्या मनाने, माझ्या पायाने जाऊन यायचंय."

असं म्हटल्यावर नवऱ्याने काय करावं? मी अष्टमीच्या संध्याकाळी बाह्या सरसावल्या.

खोटं कशाला सांगू, काम अप्रतिम झालं. सायकलच्या ब्रेकची गंमत अशी की तो हाताला कसा लागतो यावर सगळं आहे. लिव्हर दाबली की ती निम्म्या वाटेवर ठाम थांबली पाहिजे. दाबत दाबत हँडलला टेकली तर ब्रेक ढिला, आणि बोट लावताच अडली तर फार आवळलेला. रबराचे दोन गुटके चाकाच्या कडेपासून दोन्ही बाजूंनी सारखे लांब हवेत, मधून एखादं नाणं सरकेल एवढेच. आणि चाक काढायचं असेल तर ब्रेकच्या दोन दांड्या वरच्या बाजूला चिमटीत धरून दाबायच्या. केबलची वाकडी नळी खाचेतून सुटते, दांड्या फाकतात आणि मधून चाक अलगद बाहेर येतं. पाना लागत नाही, हवा सोडावी लागत नाही. सविताने माझ्यादेखत चाक काढलं, घातलं, काढलं, घातलं. दोन बोटांनी ब्रेक दाबला आणि चाक जागच्या जागी थांबलं.

"छान झालंय," ती म्हणाली.

हे दोन शब्द मी रात्री गोरक्षनाथला सांगितले, सकाळी दूधवाल्याला सांगितले आणि मधल्या वेळात आमच्या आईला बऱ्याचदा सांगितले.

आई म्हणजे केशरबाई. मूळची पाथर्डीकडची. दसरा झाला की टोळीबरोबर ऊसतोडीला जायचं आणि पावसाळ्याच्या तोंडाला परत यायचं, यात तिची उमेदीची वर्षं गेली. आता ती आमच्याकडे सुप्यात असते आणि तिचा कोयताही असतो. स्वयंपाकघराच्या दाराआड तो खिळ्याला टांगलेला आहे. वर्षभर त्याला कोणी विचारत नाही, पण खंडेनवमीला त्याच्याएवढा मान घरात कोणालाच नसतो, मला तर नाहीच.

खंडेनवमीला आमच्या कारखान्यात मशिनं धुवून, हार घालून बंद ठेवतात. मी दुपारी पेढे घेऊन घरी आलो तर आईची पूजा झालेली होती. देवघरापुढे पाटावर पांढरं कापड, त्यावर मधोमध कोयता. त्याच्या एका बाजूला विळी, दुसऱ्या बाजूला माझी पेटी रिकामी करून मांडलेले पाने, पकड, हातोडी, पेचकस, आणि टोकाला सायकलचा पंप. पंपालासुद्धा झेंडूची माळ. प्रत्येकाला हळदकुंकू. विळी पूजेत असल्याने त्या दिवशी घरात काही चिरायचं नसतं, म्हणून पुरणपोळी होती.

"आता उद्या दसऱ्याची पूजा उचलंस्तवर कुनी हात लावायचा न्हाई," आईने बजावलं. "आज हत्यारं इसावा घेत्यात."

आणि दारात सायकल! धुतलेली, पुसलेली, हँडलला हार, सीटवर कुंकवाची बोटं. इतकी चकाकत होती की चाकाच्या कडेत मला माझी मिशी दिसली. खरं तर त्याच वेळी मला शंका यायला हवी होती. पण ज्या माणसाला आपली मिशी दिसत असते त्याला दुसरं काही दिसत नाही.

"आई, झकास पुसलीस," मी म्हणालो.

"सून शीव वलांडायला निघाली हाय," आई म्हणाली. "गाडी कशी दिसाया पायजे."

आईने चाकाखाली लिंबू ठेवलं. गाडीची पूजा झाली की एक चक्कर मारायची, ही रीत. सविता बसली, लिंबू फुटलं, आम्ही टाळ्या वाजवल्या. आमची गल्ली चौकाकडे उताराची आहे. सायकल उताराला लागली, वेग धरला, आणि वेग धरतच राहिली.

"अहो," सविताचा आवाज आला, अगदी शांत. "थांबत नाहीये."

"दाब," मी ओरडलो.

"दाबलाय."

"मग अजून दाब!"

यापुढे आमचं बोलणं होऊ शकलं नाही, कारण ती चौकात पोचली होती. चौकाच्या तोंडाशीच छगन फुलवाल्याने दसऱ्यासाठी झेंडूचा ढीग ओतला होता, माणसाच्या कमरेएवढा. सविता सायकलसकट त्या ढिगात शिरली आणि आमच्या डोळ्यांदेखत नाहीशी झाली. मग आधी एक चाक दिसलं, मग केसात फुलं घेऊन ती.

छगन हातातला सुईदोरा तसाच धरून उभा होता. "वहिनी," तो म्हणाला, "फुलं पायजे हुती तर घरपोच दिली असती."

तिला काहीही लागलं नव्हतं. उलट ती हसत होती. पण सायकल चढणीवर ढकलत घरी आणेपर्यंत तिचं हसू ओसरलं आणि तिने मला विचारलं, "तुम्हीच सेट केला होता ना?"

इथे शहाण्या माणसाने 'बघतो' म्हणावं. मी म्हणालो, "तुला नीट दाबता आला नसेल."

तिने उजवा हात माझ्यापुढे धरला. दोन बोटांवर लिव्हरचा लाल वळ उठला होता. मग ती फुलं झटकत आत गेली आणि मी ओट्यावर सायकलपाशी एकटा उरलो. आता प्रश्न सायकलचा नव्हता, सतरा मशिनांच्या इभ्रतीचा होता.

माझं निदान झालं होतं. काल मी घातलेली केबल नवी आहे, ताणली गेली, ब्रेक ढिला पडला. लिव्हरच्या मुळाशी हाताने फिरवायचा एक बारीक स्क्रू असतो, तो उलटा फिरवला की केबल ताणते. याला पाना लागत नाही, म्हणजे पूजेचा भंग नाही. मी फिरवला. चाक फिरवून ब्रेक दाबला. चाक आपलं फिरतंय. अजून फिरवला. चाक माझ्याकडे बघत फिरतंय. अजून फिरवला, तेव्हा स्क्रू सगळा बाहेर येऊन माझ्या हातात आला.

मी आत गेलो. आई पाटासमोर माळ जपत बसली होती.

"आई, एक छोटा पाना घेतो."

"न्हाई."

"सगळ्यात बारका. त्या टोकाचा."

"त्यो बारका हाय म्हून त्येला इसावा नको व्हय?"

आईशी वाद घालून काही उपयोग नसतो, हे मला जन्मापासून माहीत आहे. मी गोरक्षनाथकडे गेलो. गोरक्षनाथचा छोटा टेम्पो आहे, त्यामुळे पान्यांची त्याच्याकडे ददात नाही. पण तोही दारात हात पुसत म्हणाला, "वाल्मिकभाऊ, पाना आज? आमच्या बायकोने पेटीवर नारळ ठेवलाय. नारळ हलवला तर मी उद्या तुमच्याकडंच राह्यला येईन." पुढे गॅरेजवर गेलो. तिथे अख्खं गॅरेज हळदीकुंकवात न्हालं होतं आणि मालक शिऱ्याचे द्रोण वाटत होता. सुताराकडे गेलो, लोहाराकडे गेलो, मोटार वाइंडिंगवाल्याकडे गेलो. सगळ्या सुप्यात त्या दिवशी कामावर असलेला एकही पाना नव्हता. मी परत आलो तेव्हा माझ्या हातात पेढे, शिरा, खोबरं आणि बत्तासे होते.

मग मला आठवलं. आदल्या संध्याकाळी घातलेली पँट! तिच्या खिशात ब्रेकच्या बोल्टची षटकोनी चावी राहिली होती. ती पूजेला बसलीच नव्हती. तरी मी आईला दाखवली, उगीच नंतर बोलणं नको.

आईने ती उलटीसुलटी करून पाहिली. "हे काय हाय?"

"बोल्ट फिरवायची चावी."

"ह्येला ना धार, ना तोंड. वाकडी सळी हाय ही. हत्यार न्हाई." न्याय झाला. "घे."

केबल ताणून धरायला पकड हवी होती. पकड पूजेत. पण स्वयंपाकघरातली सांडशी मोकळी होती. मी बोल्ट सैल केला, केबलचं टोक सांडशीत धरलं, पाय भिंतीला लावला आणि असं ओढलं की बोल्ट आवळून झाल्यावर लिव्हर अक्षरशः दगड झाली. बोट लावा, हलायची नाही. गुटके चाकाला दोन्हीकडून घट्ट चिकटलेले. आता चाक फिरतच नव्हतं. माझ्या मते हा उत्तम ब्रेक होता, कारण जे फिरत नाही ते थांबलेलंच असतं.

मग चाक काढून बघायला गेलो. दांड्या चिमटीत धरून दाबल्या. नळी सुटेना. केबल एवढी ताणलेली की दांड्या आत यायला जागाच नाही. म्हणजे पंधरा ऑगस्टला जे झालं तेच, आणि या वेळी माझ्या हातून. फुगलेलं टायर गुटक्यांमधून निघणार नाही, टायर बारीक केलं तर निघेल, असा विचार करून मी हवा सोडली. एका हाताने दांड्या, एका हाताने चाक धरून हिसका दिला. चाक निघालं. इतकं पटकन निघालं की मी ओट्यावरून पाठीवर पडलो आणि चाक माझ्या पोटावर बसलं.

आवाज ऐकून सविता बाहेर आली.

"चाक निघालं?" तिने विचारलं.

"निघालं."

"हवा?"

"ती पण निघाली."

"आता भरायची कशाने?"

मी आत पाहिलं. माळ घातलेला पंप पाटाच्या टोकाला विसावा घेत होता. सविताने माझ्या नजरेच्या दिशेने पाहिलं आणि तिला सगळं कळलं. ती रागावली असती तर मला बरं वाटलं असतं. ती आत गेली, उद्यासाठी भरून ठेवलेली पिशवी घेतली आणि एकेक वस्तू बाहेर काढायला लागली. लिंबू, मीठ-साखरेची पुडी, टॉवेल, घरून न्यायची आपट्याची पानं. बाटलीतलं पाणी तिने तुळशीला घातलं. मला फार वाईट वाटलं. मशीन बंद पडलं की मी लगेच आरडाओरडा करतो, पण इथे कुणावर ओरडावं तेही कळेना. चाक पोटावर घेऊन मी तसाच बसून राहिलो.

उठलो तेव्हा माझ्या सदऱ्यावर चाकाचा पिवळा गोल उमटलेला होता. नुसता झेंडूचा पिवळा नाही, तेलकट. मी चाकाच्या कडेवरून बोट फिरवलं. बोट सुळकन घसरलं. वास घेतला. खोबरेल.

"आई," मी हाक मारली. "तू सायकल कशाने पुसलीस?"

"त्यालानं."

"कुठं कुठं लावलंस?"

"जिथं जिथं लोखंड दिसलं तिथं."

"या चाकाच्या कडेला?"

"तिला तर लई रगडून लावलं. कसली चमकाया लागली, तूच म्हनलास की झकास."

"आणि हे रबर?"

"त्ये वाळून कडक पडल्यावानी दिसलं. त्येला बी दोन थेंब पाजलं." आई आता उठून बाहेर आली. "आरं, कोयता पुजला की त्याल पाजावंच लागतं. न्हाई तर गंज धरतो."

"अगं पण सायकलला ब्रेक तिथंच धरतो. तेल लावल्यावर तो धरणार कसा?"

"मग त्ये काल सांगाया पायजे हुतं," आई म्हणाली. "काल तू निस्तं तुझंच कवतिक सांगत हुतास. ब्रेक कुठं धरतो ह्ये एक बोलला न्हाईस."

मी तेलकट बोट सदऱ्याला पुसलं.

आईचं लक्ष मग आत गेलं. सविता रिकामी पिशवी घडी करत होती. आईचा चेहरा उतरला. तिने चाकाकडे पाहिलं, आपल्या तेलकट पदराकडे पाहिलं. "म्हंजी माझ्यामुळं तिचं जायचं ऱ्हातंय व्हय?"

"नाही हो आत्याबाई," सविता म्हणाली. "पुढच्या वर्षी जाईन. दसरा काय, दरवर्षी येतो."

"कवा निघायचं हाय त्यास्नी?"

"उजाडताना."

आई पाटासमोर जाऊन बसली. कोयत्याकडे बघत म्हणाली, "एका वर्सी मुकादमाचा ट्रक नवमीलाच दारात आला हुता. पूजा मांडलेली. वाल्मिक तवा माझ्या कडंवर. मुकादम म्हनला, बसायचं तर आत्ता बसा, न्हाई तर ऱ्हावा हिथंच. मंग काय करनार? कोयत्याला हात जोडलं, म्हनलं, बाबा, तुला आज इसावा द्यायचा हुता पन माफ कर, आन् उचलला. देवीनं काय केलं न्हाई. तिला बाईची घाई कळती."

तिने हात जोडले, पुटपुटली, आणि सगळ्यात आधी पंपाची माळ उतरवली. पंप माझ्याकडे न देता सविताच्या हातात दिला. "भर हवा. आन् ती पिसवी बी परत भर."

मग आमच्या ओट्यावर जो कारखाना सुरू झाला त्याला तोड नव्हती. आईने चुलीची राख आणि भांड्यांचा साबण घेतला आणि पितळेची घागर घासावी तशी दोन्ही चाकं घासली. मी दोन्ही ब्रेकचे गुटके काढून पॉलिश पेपरवर तेलकट थर जाईपर्यंत घासले. मधून मधून आई चाकाच्या कडेवर बोट फिरवून बघायची आणि म्हणायची, "अजून निसटतंय," की परत राख. निसटायचं थांबलं तेव्हा मी केबल सोडली, तो आगाऊ स्क्रू जागेवर बसवला, गुटके पुन्हा नाण्याएवढ्या फटीवर लावले. या वेळी मी सविताला शेजारी बसवलं.

"दाब. कुठे लागतोय?"

"जरा लवकर लागतोय."

"आता?"

"आता बरोबर. निम्म्यावर."

"हाताला जड?"

"नाही. अगदी हलका, पण लागतोय घट्ट."

मग तिने दांड्या दाबल्या. नळी टुणकन सुटली. चाक बाहेर आलं, परत आत गेलं. गल्लीच्या उतारावर तिने चक्कर मारली आणि छगनच्या ढिगाच्या अलीकडे थांबली. छगनने तरी खबरदारी म्हणून ढिगापुढे टोपली आडवी लावली होती.

दसऱ्याच्या पहाटे चौकात बायका जमल्या. मी गोरक्षनाथचा टेम्पो घेऊन हजर होतो, कारण सायकली परत आणायचं काम मी मोठ्या मनाने अंगावर घेतलं होतं. शेजारच्या सीटवर आई. एकेकीची परीक्षा झाली आणि मोनिकाताई सविताकडे आल्या.

"काढा ताई."

सविताने दांड्या दाबल्या. नळी सुटली. चाक बाहेर. चाक आत. चाकाच्या आसाचा खटका आवळला. आणि ती उठून उभी राहिली. पण नळी खाचेत अडकवायची राहिली होती! मी टेम्पोतून खुणा केल्या, खोकलो, शेवटी हॉर्न वाजवला. सविताने माझ्याकडे एकदा बघितलं, त्यात 'गप्प बसा' एवढंच होतं, मग खाली वाकून शांतपणे नळी अडकवली. ती हात पुसायला उठली होती.

मोनिकाताईंनी लिव्हर दाबली, चाक ढकलून पाहिलं. "मस्त आहे. या, पुढे लागा."

निघालो. बायका पुढे, आम्ही मागे. पळवे गेलं. जातेगावचा घाट आला तेव्हा मी स्टिअरिंगला मिठी मारली होती. सविता उताराला लागली, वळणाअलीकडे वेग कमी केला, वळली, परत मोकळी सोडली. असं खालपर्यंत. इतका सुंदर ब्रेक मी आजवर पाहिला नाही, आणि हे मी आईला तेव्हाच सांगितलं.

आईचं लक्ष नव्हतं. ती काचेतून बाहेर बघत होती. "ह्योच रस्ता व्हय रं? मला एक झाड वळकू येईना."

"एवढ्या वेळा गेलीस की यावरून."

"गेले, पन ट्रकात. गाठोड्यांच्या मधी बसायचो, वर ताडपत्री. पूल आला की निस्ता चाकाचा आवाज बदलायचा. तेवढ्यावरनं कळायचं, नगर जिल्हा सुटला. एक डाव तहान लागली म्हून लई आरडले, ट्रक काय थांबला न्हाई."

घोडनदीचा पूल दिसायला लागला. बायकांनी घंट्या वाजवायला सुरुवात केली. पुढच्या दोघी-तिघी पुलावर गेल्यासुद्धा. आणि पुलाच्या तोंडाशी सविताने ब्रेक दाबला. पाय टेकवून उभी राहिली. माझ्या मनात आलं, गेलं, काहीतरी बिघडलं! मी टेम्पो बाजूला घेतला.

"काय झालं? घासतोय का?"

"काही झालं नाही," ती म्हणाली. घामाने डबडबलेली होती आणि इतकी खूश मी तिला फार दिवसांनी पाहत होतो. तिने टेम्पोचं दुसऱ्या बाजूचं दार उघडलं. "आत्याबाई, उतरा खाली."

"कशापायी?"

"माझ्याबरोबर चला. यावर बसून."

"येडी का काय. ह्या वयात?"

"पाय मारायचे नाहीत. आम्ही धरतो. तुम्ही फक्त बसा."

आईने माझ्याकडे पाहिलं, मी मान हलवायच्या आत ती खाली उतरलेली होती. तिचं नऊवारी लुगडं, काष्टा घट्ट, सायकलला अडचण काहीच नाही. सविताने सीट खाली केली. मोनिकाताईंनी मागून धरलं, सविताने हँडल धरलं, आणखी दोघी दोन बाजूंना. आई बसली. सविताने तिचे हात लिव्हरवर ठेवले. "भीती वाटली की हे दाबायचं."

मिरवणूक पुलावर निघाली. चार पावलं गेली आणि थांबली. आईने ब्रेक दाबला होता.

"भीती वाटली का?" सविताने विचारलं.

"न्हाई."

पुन्हा निघाली. पुन्हा थांबली. आईने कठड्यावरून वाकून नदी पाहिली. मग लिव्हर सोडली. थोडं पुढे गेल्यावर परत दाबली, मागे वळून नगरकडचा काठ पाहिला. तोवर मागून हळूहळू येणाऱ्या माझ्या टेम्पोमागे गाड्यांची रांग लागली होती. उसाचा एक ट्रॅक्टर, दोन ट्रक, एक लग्नाची वाटावी अशी सजवलेली जीप. हॉर्नचा कल्लोळ. मी खाली उतरून धावत पुढे गेलो.

"आई, अगं ब्रेक सोड की. मागं लोक खोळंबलेत."

"खोळंबू दे," आई म्हणाली. लिव्हरवरची दोन बोटं तिने अजून काढली नव्हती. "इतकी वर्सं ह्यो पूल वलांडला, पन थांबायचं कुठं ते कवा माझ्या हातात नव्हतं. आज हाय. दोन बोटानं थांबतंय, बघ."

सविताने तोंड फिरवून पदराने डोळे टिपले. मग हसली. मी मागे जाऊन गाड्यांना हात दाखवत उभा राहिलो. पुढच्या ट्रकवाल्याने खिडकीतून मुंडकं बाहेर काढलं.

"ओ पाव्हणं, ती म्हातारी सारखी मधीच का थांबतीय?"

"ब्रेक फार सुरेख लागतोय तिचा," मी म्हणालो. "मीच सेट केलाय."